नकळत पेरलेले

माघ महिन्यात राजूरहून आम्हांस एक पत्र आले. राजूर म्हणजे जालन्याहून भोकरदनकडे जाताना लागणारे, राजुरेश्वर गणपतीचे राजूर. अंगारकीला तेथे पाय ठेवावयास जागा नसते, हे मराठवाड्यातील वाचकांस सांगावयास नको. पत्र लिहिणारे गृहस्थ माळकरी आहेत, कार्तिकीची वारी चुकवीत नाहीत, आणि गावच्या पंचायतीत सभासद आहेत. त्यांचे नाव आम्ही देत नाही. तसे त्यांनीच कळविले आहे. पत्रात त्यांनी तीन प्रश्न विचारले. दोन त्यांच्या शेजारच्या आजीचे, एक त्यांचा स्वतःचा. पहिल्या दोहोंचे उत्तर आम्हांस लवकर सुचले. तिसऱ्याने मात्र आमच्या आठ-दहा रात्री खाल्ल्या.

हकीकत अशी. आजीने दिवाळीला अनारसे केले. अनारशाला खसखस लागते. उरलेली वाटीभर खसखस डब्यात राहिली, जुनी झाली, तिला वास लागला. आजी जुन्या वळणाची. धान्याचा दाणा केरात टाकणे तिच्या जिवावर येते. तुळशीवृंदावनाच्या पलीकडे, मोरीचे पाणी जाते तेथे एक वाफा होता, त्यात तिने ती खसखस मातीत मिसळून फेकली. उगवली तर उगवली, नाही तर मुंग्यांचे पोट भरले. वाण्याकडची खसखस कधी उगवते, कधी उगवत नाही. ही उगवली.

खसखशीचा दाणा इतका बारीक की एका ग्रॅममध्ये दोन-तीन हजार दाणे भरतात. तेव्हा वाटीभर बियांतून काय उगवले असेल याचा अंदाज वाचकांनी करावा. आजीने बोटांनी विरळणी केली. हे रोप उपटून दुसरीकडे लावले तर धरत नाही, त्याचे मूळ सरळ खाली जाते व हलविले की दुखावते. म्हणून जेथले तेथेच राखावे लागते. तेही तिला कोणी सांगितले नव्हते, हाताला कळले. थंडी या झाडास मानवते. पाने कोबीच्या पानासारखी निळसर झाली, पौषात दांडे वर आले, दांड्यांच्या टोकास कळ्या लोंबू लागल्या. या फुलाची एक गंमत आहे. कळी असते तोवर ते मान खाली घालून असते, आणि उमलण्याच्या दिवशी मान वर करते. पाकळ्या ट्रंकेत घडी घालून ठेवलेल्या रेशमी खणासारख्या चुरगळलेल्या निघतात आणि उन्हात आपोआप सुरकुती सोडतात. दोन दिवस, फार तर तीन, मग गळतात.

माघ शुद्ध चतुर्थीस, गणेशजयंतीस, आजीने त्यातली तांबूस फुले निवडून ताटात घेतली आणि गणपतीच्या दर्शनास रांगेत उभी राहिली. पुढे आमचे पत्रलेखक होते. त्यांनी वळून ताटात पाहिले. तरुणपणी ते काही वर्षे मध्य प्रदेशात मंदसोरकडे कामास होते. फूल त्यांनी तत्काळ ओळखले.

“आजी, ही फुलं कुठली?”

“घरची रे. वाफ्यातली. खसखशीची.”

“आजी, ही अफू हाय.”

“काहून बोलतू असं अभद्र? मी खसखस पेरली.”

दोघेही खरे बोलत होते. खसखस आणि अफू ही एकाच झाडाची लेकरे. फूल गळले की दांड्यावर बोंड राहते. कच्च्या बोंडाच्या सालीत जो चीक असतो त्याची अफू. तेच बोंड वाळले की आत जे दाणे खुळखुळतात ती खसखस. दाण्यात नशा नाही. ती बाजारात उघड मिळते, आणि अनारशावर थापताना कोणास काही विचारावे लागत नाही. परंतु झाड लावणे ही वेगळी गोष्ट. 1985 सालच्या अमली पदार्थांच्या कायद्याने सरकारी परवान्यावाचून अफूचे झाड लावण्यास बंदी आहे. परवाना मिळतो तो मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथील नेमून दिलेल्या भागांतच. महाराष्ट्रात कोणासही नाही. आणि त्या कायद्यात ‘घरापुरते चार झाडे’ अशी सूट नाही. 2012 साली बीड जिल्ह्यात परळीच्या बाजूला शेतांत अफू सापडली, तेव्हा केवढा गाजावाजा झाला हे मराठवाडा विसरलेला नाही.

रांग पुढे सरकली. आजीच्या ताटातल्या एका फुलाच्या दोन पाकळ्या देवापर्यंत जाण्याआधीच गळाल्या होत्या. उरलेली तिने वाहिली. घरी आल्यावर ती ओट्यावर बसली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, “द्येवाला वाह्यलेलं फूल बाटलं का रं?”

नाही. एवढेच उत्तर पुरे आहे, पण आजीला पुराव्याशिवाय पटत नाही असे लिहिले आहे, म्हणून सांगतो. महादेवाला आपण धोत्रा वाहतो. धोत्रा विषारी. मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जावयाचा. गणपतीला मंदार चालतो, तोही रुईच्याच घरचा. आमच्या देवांनी झाडाच्या अंगातले विष पाहून त्यास दारातून हाकलल्याचे आम्ही ऐकले नाही. उलट जे माणसास पचत नाही ते त्यांनी आपल्या अंगावर घेतले. फूल वाहताना आजीच्या मनात जे होते ते देवास पोहोचले. वाफ्यात काय होते याचा हिशेब देवळात नव्हे, गल्लीत द्यावयाचा आहे. त्याकडे वळतो.

दुसरा प्रश्न, “मला ठाव नव्हतं. तरी पाप लागलं का?” हा प्रश्न आजीचा एकटीचा नाही. आपल्यापैकी पुष्कळांचा आहे, आणि आपल्या ग्रंथांत त्यास दोन तोंडांची उत्तरे आहेत.

एक गोष्ट मांडव्य ऋषींची, महाभारतातली. ऋषी मौन धरून तप करीत बसले होते. चोर त्यांच्या आश्रमात शिरले आणि चोरीचा माल तेथेच लपविला. राजाच्या शिपायांनी विचारले, चोर कोठे गेले? ऋषी बोलले नाहीत. माल सापडला, ऋषींना सुळावर चढविले. पुढे त्यांनी यमधर्मास जाब विचारला, हे मला कशाचे फळ? यमाने सांगितले की लहानपणी तू किड्यांच्या अंगात गवताची काडी खुपसली होतीस. तेव्हा मांडव्य संतापले. अजाण वयात केलेल्यास एवढी शिक्षा? त्यांनी यमास शाप दिला आणि मर्यादाच घातली की चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने केलेले पाप धरू नये. तो यम पुढे विदुर होऊन जन्मला.

दुसरी गोष्ट भागवतातली, नृग राजाची. राजा रोज गाई दान देई. एके दिवशी आधी दान दिलेली एक गाय चुकून कळपात परत आली, आणि राजाने ती न ओळखता दुसऱ्या ब्राह्मणास दिली. दोघे भांडत आले. राजाने एकेकास लाख गाई देऊ केल्या, पण कोणी ऐकेना. मनात कपट काहीच नव्हते. तरी राजा सरडा होऊन विहिरीत पडला, तो भगवंतांनी द्वारकेत हात लावीपर्यंत तेथेच राहिला.

मांडव्याची गोष्ट म्हणते, अजाणतेपण ही सूट आहे. नृगाची म्हणते, नाही. आम्ही पुष्कळ कीर्तनांत या दोन्ही ऐकल्या, पण एकाच वेळी समोर ठेवून पाहिल्या नव्हत्या. आता वाटते की दोहोंत फरक आहे तो वयाचा आणि धन्यापणाचा. मुलाच्या हातात काडी होती, पण जगाची किल्ली नव्हती. राजाच्या दारात हजारो गाई होत्या. कोणती कोणाची हे पाहणे त्याचे काम होते. इतके दान की मोजता येऊ नये, हाच त्याचा दोष असे आम्हांस वाटते. ज्याच्या हातात देणे आहे त्यास पाहणेही आहे.

मग आजी कोण, मूल की राजा? वाफ्याची धनीण ती खरी. पण पाहावयाचे कोठे? खसखशीच्या पुडीवर ‘पेरू नये’ असे छापलेले नसते. आणि हे आम्ही जालना जिल्ह्यासंबंधी लिहीत आहोत, जेथे बी म्हणजे काय हे शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात बियाण्यांची महिको कंपनी काढली, 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज त्या भागातला साधा कोरडवाहू शेतकरीसुद्धा कपाशीची पिशवी घेताना उलटून पाहतो, जात कोणती, तारीख कोणती, बिल पक्के की कच्चे. शेतात एवढी चौकशी, आणि अंगणात मूठभर काहीही फेकावे! पण ही आजीची चूक म्हणता येत नाही. ती सगळ्यांची सवय आहे. स्वयंपाकघरातले बी हे आपण बी समजतच नाही, मसाला समजतो. मोहरी, मेथी, धने आपण असेच फेकतो आणि कोवळी भाजी खुडतो. हजार वेळा निर्धोक ठरलेले काम एक हजार एकाव्या वेळी धोक्याचे निघाले तर करणाऱ्यास पापी म्हणणे आम्हांस जमत नाही. चतुर्थीच्या सकाळपर्यंत आजी निर्दोष होती, असे आम्ही तिला कळविले.

आणि झाड? तेही निर्दोषच. याच्याच चिकातून जर्मनीतल्या सर्टुर्नर नावाच्या औषधविक्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मॉर्फीन वेगळे केले. कर्करोगाने तळमळणाऱ्या माणसास शेवटच्या दिवसांत जी झोप मिळते ती त्याची. ज्याने घरात असे दुखणे पाहिले आहे तो या झाडास शिव्या देणार नाही. मंदसोर-नीमचकडे शेतकरी परवाना घेऊन हे पीक काढतात, चीक सरकारास मोजून देतात, आणि बोंडाची चटक लागलेल्या पोपटांना हाकलून हाकलून बेजार होतात. पोपटाचा दोष नाही, बोंडाचाही नाही.

परंतु याच चिकाची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना बाळागोळी देत. तीत अफू असे. पोर निजून राही, आई आठ-दहा तास साच्यावर उभी राही. ती आई दुष्ट होती काय? ती तर पोराच्याच दुधासाठी जात होती. किती पोरे त्या गोळीने वाळली, किती उठलीच नाहीत. त्यांच्या आयांना कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल तरी दुसरा इलाज नव्हता. आम्हांस वाटते की अफूच्या कायद्यामागे दरोडेखोर आहेत तशी ही पोरेही आहेत. आजीच्या गल्लीतही पोरे आहेतच. बोंड हे खुळखुळ्यासारखे दिसते. आजीच्या वाफ्याला कुंपण नव्हते.

काही वाचक म्हणतील, मग फुलांची हौस करूच नये काय? करावी की. याच कुळातली दुसरी झाडे आहेत ज्यांत अफू नाही. शेतातल्या तांबड्या पॉपीची शर्ली नावाची बागेतली जात हिवाळ्यात लावतात, तिचे बी रोपवाटिकेत नाव छापलेल्या पाकिटात मिळते. 1914 ते 1918 च्या महायुद्धात युरोपात तोफांनी उकरलेल्या रानांत जे तांबडे फूल फुलले आणि पुढे सैनिकांच्या आठवणीचे चिन्ह झाले, ते हे. कार्तिकात ऊन लागणाऱ्या वाफ्यात, रेतीत मिसळून, वर माती न लोटता नुसते दाबून बी टाकावे. उन्हाळा लागण्याच्या आत फुले होऊन जातात. आणि एक भाऊबंद तर न बोलावता आपल्या बांधावर येऊन बसलेलाच आहे, पिवळा धोत्रा, काटेरी. त्याचे बी मोहरीत मिसळले गेले की तेल विषारी होते. 1998 साली दिल्लीत त्या तेलाने माणसे दगावली. तो मात्र कोणी पेरीत नाही, म्हणून त्याचा जाब कोणी विचारीत नाही. हे थोडे विषयांतर झाले.

आता तिसरा प्रश्न. हा पत्रलेखकांचा आहे, आणि खरे पत्र याच्यासाठीच होते.

त्यांनी आजीला सांगितले ते चतुर्थीच्या दुपारी. आजी घाबरली. संध्याकाळी दोघांनी मिळून वाफा उपटला. बोंडे अजून धरलीच होती, वाळली नव्हती. झाडे बांधून उकिरड्यात पुरली. कोणास काही सांगितले नाही. रात्री त्यांस झोप आली नाही. कारण त्यांस ठाऊक होते की त्याच कायद्याच्या 47 व्या कलमात पंच, सरपंच आणि गावचा प्रत्येक अधिकारी यांच्यावर बंधन आहे, की अशी लागवड कळताच पोलिसांस किंवा त्या खात्यास ताबडतोब वर्दी द्यावी. ते पंच होते. त्यांनी वर्दी दिली नाही. उलट पुरावा पुरला. “माझ्या गळ्यात माळ आहे,” त्यांनी लिहिले, “मी एका म्हातारीला वाचविले की खोटेपणा केला?”

आमच्या मनात प्रथम आले ते हेच की बरे केले. सत्तरीची म्हातारी. त्या गुन्ह्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. आणि 35 वे कलम तर असे की आरोपीच्या मनात गुन्ह्याची जाणीव होती असे न्यायालय धरूनच चालते. नव्हती, हे त्याने स्वतः सिद्ध करावयाचे. आपला पांडुरंग मनातले जाणतो. न्यायाधीशास ते जाणण्याचा मार्ग नाही, म्हणून कायद्याने भार उलटा टाकला. व्यापारी लोक ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ म्हणून सुटू नयेत यासाठी तो टाकला असेल, पण अनारसे करणाऱ्या आजीवरही तो तसाच पडतो. अशा वेळी शेजाऱ्याने खुरपे घेऊन धावत जाऊ नये तर काय करावे?

असे उत्तर आम्ही लिहूनही काढले. पाकीट बंद केले नाही. मांडव्य आडवे आले.

मांडव्यांचा दोष चोरीचा नव्हता. परंतु शिपाई विचारीत होते तेव्हा ते बोलले नाहीत. मौन हे त्यांचे व्रत होते, चांगले व्रत होते, आणि त्या व्रतानेच निर्दोष माणसाच्या घरातला माल चोराचा माल ठरला. राजूरच्या त्या वाफ्याचेही तसेच झाले. दुपारपर्यंत ती एका म्हातारीची चूक होती, उघड, उन्हात, गल्लीतल्या सर्वांच्या डोळ्यांदेखत. संध्याकाळी ती उकिरड्यात पुरलेली वस्तू झाली. उद्या कोणी ती उकरली तर आजीच्या बाजूने बोलणारी सर्वांत मोठी गोष्ट, की तिने काहीच लपविले नव्हते, ती तिच्या मदतनिसानेच पुसून टाकली होती. आणि जो एकटा मनुष्य शपथेवर सांगू शकला असता की ‘मी सांगितले तेव्हा हिच्या तोंडाचा रंग उडाला, हिला ठाऊक नव्हते’, तोच आता तोंड उघडू शकत नव्हता. 35 व्या कलमास उत्तर द्यावयास आजीजवळ एवढा एकच साक्षीदार होता.

म्हणून आम्ही पहिले उत्तर फाडले आणि दुसरे लिहिले. लिहिले की तुम्ही दयेने केलेत, पण दया अर्ध्यावर सोडली. खुरपे घेऊन धावलात ते ठीक. त्यानंतर आजीला बरोबर घेऊन, वकिलास विचारून, ठाण्यात जावयाचे होते, आणि पंच म्हणून वर्दी द्यावयाची होती, त्यात तिचे अजाणतेपण तुमच्या सहीने नोंदवावयाचे होते. वर्दी देणे म्हणजे शेजाऱ्यास धरून देणे असेच आपण समजतो. कधी कधी ती शेजाऱ्याच्या बाजूची पहिली साक्ष असते. आजी नकळत चुकली. तुम्ही कळून गप्प बसलात. माळ तुमच्या गळ्यात आहे म्हणून तुम्हांस झोप आली नाही, हे आम्हांस पटते.

हे लिहिणे सोपे होते, हे आम्ही कबूल करतो. आम्ही टेबलाशी बसून लिहिले. आमच्या दारात ठाण्याची गाडी उभी राहणार नव्हती. आमच्या शेजारच्या आजीचा प्रश्न असता तर आम्हीही आधी खुरपे शोधले असते आणि पुढचे पुढे म्हटले असते. तसेही त्यांस कळविले, कारण उपदेश करणाऱ्याने आपली भीती झाकून उपदेश करू नये.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. ते आजीला घेऊन गेले होते. आधी तालुक्याला एका वकिलाकडे, मग ठाण्यात. तेथे काय झाले ते त्यांच्या विनंतीवरून आम्ही छापीत नाही. आजी घरी आहे, एवढे सांगण्यास त्यांची हरकत नाही. पंचायतीच्या सभेतही त्यांनी सर्व हकीकत उभे राहून सांगितली. एक-दोघे हसले. एका बाईने मात्र सभेनंतर थांबून विचारले की आमच्या कुंडीत असलेच निळसर पानांचे काही आले आहे, जरा पाहता का? ते पाहावयास गेले. ती माठाची भाजी निघाली.

पत्राच्या शेवटी आजीचा एक चौथा प्रश्न होता. वाटीभर बी टाकले होते, उगवली ती थोडी. बाकीचे अजून मातीतच असेल ना?

असेल. हे बी मातीत पुष्कळ काळ दम धरते, आणि माती उकरली, उजेड लागला की उठते. त्या वाफ्यात या वर्षी काही लावू नये, आणि कार्तिकी करून परत आल्यावर दर आठ दिवसांनी कोणीतरी वाकून पाहावे, असे आम्ही कळविले आहे. आजीला आता जवळचे नीट दिसत नाही. पाहण्याचे काम पंचांनी स्वतःकडे घेतले आहे.